कुत्री शेल्टरमध्ये ठेवा म्हणताय, पण शेल्टर तपासणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

7 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शाळा, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली मोकाट कुत्री उचला, नसबंदी-लसीकरण करा आणि परत तिथे सोडू नका, शेल्टरमध्ये ठेवा. तेव्हापासून सगळीकडे दोनच सूर ऐकू येतात, एक म्हणजे बरं झालं एकदाची उचलली आणि दुसरा म्हणजे मुक्या जिवांवर अन्याय. दोन्हीकडचं ऐकून झालं. पण ही कुत्री जिथे नेऊन ठेवायची ती शेल्टरं कोणाची, तिथे जागा किती, डॉक्टर कोण, आणि ते सगळं आत जाऊन बघणार कोण, ह्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मला त्याबद्दल लिहायचंय, आणि नुसत्या शेल्टरबद्दल नाही तर बोर्डिंग, डे-केअर, ग्रूमिंग, रेस्क्यू अशा सगळ्यांबद्दल, म्हणजे जिथे जिथे प्राणी दुसऱ्याच्या भरवशावर ठेवला जातो तिथलं.

माझ्याकडे कायम दोन-तीन कुत्री असतात, त्यातली एखादी माझी आणि बाकीची फोस्टरला, म्हणजे दत्तक जाईपर्यंत सांभाळायला आलेली, त्यामुळे ह्या सगळ्या मंडळींशी माझा नेहमीचा संबंध आहे. त्यातली काही खरोखर देवमाणसं आहेत आणि काही अशी आहेत की त्यांच्याकडे मी मातीचं मांजरसुद्धा सांभाळायला देणार नाही. गोम अशी आहे की बाहेरून बघून ह्यातलं कोण कुठलं ते कळायला काहीही मार्ग नाही. इन्स्टाग्रामवर सगळ्यांचीच कुत्री हिरवळीवर पळत असतात.

आता कुणी म्हणेल कायदे आहेत की. आहेत, नाही कुठे म्हणतेय मी. कुत्र्यांचं ब्रीडिंग करणाऱ्यांसाठी 2017 चे केंद्राचे नियम आहेत, पेट शॉपसाठी 2018 चे आहेत, दोन्हींत राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे, पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही, दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीपासून पिल्लं घ्यायची नाहीत, आयुष्यात पाच वेळांपेक्षा जास्त घ्यायची नाहीत, रजिस्टर ठेवायचं, सगळं लिहिलंय. कागदावर झकास आहे. पण तुमच्या ओळखीत कुणी पिल्लू विकत घेतलं असेल तर त्यांना विचारून बघा, विकणाऱ्यानं नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवलं का, आणि घेणाऱ्यानं तरी मागितलं का. बहुतेकांना असं काही सर्टिफिकेट असतं हेच माहीत नसतं, पिल्लू व्हॉट्सअ‍ॅपवर पसंत केलं जातं आणि हायवेच्या एखाद्या हॉटेलपाशी गाडीतून गाडीत दिलं जातं.

बरं हे झालं विक्रीचं. विकत घेतल्यानंतर पुढची बारा-चौदा वर्षं तो प्राणी ज्यांच्या ज्यांच्या हातात जातो त्यांचं काय? बोर्डिंग केनेलचा उल्लेख त्या 2017 च्या ब्रीडिंगच्या नियमांत आहे म्हणे, पण ते सगळे नियम कुत्री आणि तिची पिल्लं डोळ्यांसमोर ठेवून केलेत, त्यामुळे व्यवहारात बोर्डिंगवाल्याला कुणी काही विचारत नाही. मांजरांचं बोर्डिंग, दिवसाचं डे-केअर, घरी येऊन अंघोळ घालणारी ग्रूमिंगची व्हॅन, पेट टॅक्सी, ट्रेनर, ह्यांच्यासाठी तर वेगळं लायसन्स नावाचा प्रकारच नाही. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी म्हणाल तर राज्याच्या 2017 च्या नव्या दुकान कायद्यानंतर माणसं थोडी असली की ऑनलाइन नुसतं कळवलं तरी भागतं, आणि त्याचा प्राण्यांशी काय संबंध, ते कामगारांसाठी आहे. वडापावच्या गाडीला एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन लागतं, पण तीस-चाळीस जिवंत कुत्री एका पत्र्याच्या शेडमध्ये कोंडून दिवसाचे आठशे रुपये घेणाऱ्याला तेवढंही कुणी विचारत नाही.

पत्र्याचं शेड म्हणाले ते उगाच नाही. मागच्या दिवाळीत आमच्या नात्यातल्या एकांना कोकणात जायचं होतं, त्यांचा लॅब्रेडॉर ठेवायला त्यांनी शहराबाहेरची एक जागा ऑनलाइन बघून ठरवली आणि मला म्हणाले तू जरा जाऊन बघून ये, तुला कळतं ह्यातलं. गेले. रेटकार्ड लॅमिनेट केलेलं, एसी रूम आणि नॉन-एसी रूम. एसी रूममध्ये भिंतीवर एसी होता, पण बाहेर जाऊन बघितलं तर त्याचं आउटडोअर युनिटच नव्हतं, नुसताच लावून ठेवलेला. पिंजरे एकावर एक असे दोन मजली, वरच्या कुत्र्यानं मुतलं की ते खालच्याच्या अंगावर. लसीचं कार्ड मी स्वतःहून पुढे केलं तर तिथला पोरगा म्हणाला राहू द्या मॅडम, त्याची काय गरज नाही. त्याच खोलीच्या कोपऱ्यात दोन पर्शियन मांजरं होती आणि तो पोरगा फिनाईलच्या दुधाळ पाण्यानं तिथलीच फरशी पुसत होता. आता ज्याला मांजरांचं जुजबी जरी माहीत आहे त्याला हे कळायला हवं की मांजराला फिनाईल अजिबात चालत नाही, त्याच्या लिव्हरला ते नीट पचवताच येत नाही, ओल्या फरशीवर चालतं मग पंजे चाटतं आणि ते विष थेट पोटात जातं. त्या पोराची चूक नाही, त्याला कुणी शिकवलंच नाही, आठ-दहा हजारांवर चोवीस तास ठेवलेला पोरगा तो, रात्री तिथेच झोपतो. मालक म्हणे शनिवार-रविवारी येतात. रात्री एखाद्याचं गॅसनं पोट फुगलं, फिट आली तर कुठल्या डॉक्टरला फोन करतोस विचारलं तर म्हणाला मालकांना करतो.

ह्याची तक्रार कुठे करायची ते सांगा. जागा महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे घरपट्टी भरतात, बाकी आम्हाला काय माहीत. पोलीस म्हणाले कुत्रं मेलं का, नाही ना, मग कसली तक्रार. जिल्ह्याला प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी, 2001 च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात, आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर निवडणुका, पाणीटंचाई, भूसंपादन सगळं एकदमच येतं, त्यात माझ्या आउटडोअर युनिट नसलेल्या एसीचा नंबर कधी लागायचा. मग उरतं केंद्राचं प्राणी कल्याण मंडळ, ते पूर्वी चेन्नईला होतं, आता हरियाणात बल्लभगडला आहे. पुण्याजवळच्या शेडसाठी पत्र बल्लभगडला!

आणि समजा तक्रार झाली, गुन्हा दाखल झाला, कोर्टात सिद्धपण झाला, तर शिक्षा काय? प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा 1960 चा, त्याच्या कलम 11 मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, रुपयेच. साठ साली दहा रुपयांना किंमत होती, आज त्यात सुट्टे मिळतात. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा काढला होता, दंड वाढवायचा, लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या होत्या, आमच्यासारख्या कितीतरी लोकांनी मेल केले, पुढे त्याचं काय झालं ते सगळ्यांना दिसतंच आहे. भारतीय न्याय संहितेच्या 325 कलमात प्राण्याला मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे ते ठीकच आहे, पण ते प्राणी मेल्यावर नाहीतर जायबंदी झाल्यावर. माझं म्हणणं मरायच्या आधी कुणीतरी दार उघडून आत बघावं एवढंच आहे.

आता रेस्क्यूवर येते, कारण तिथे बोलायला लोक घाबरतात. बोर्डिंगवाला पैसे घेतो म्हणून त्याला शिव्या घालता येतात, रेस्क्यूवाला सेवा करतो, त्याला कसं बोलायचं. मला स्वतःला ह्या लोकांबद्दल आदर आहे, रात्री दोनला हायवेवर जाऊन गाडीखाली आलेलं कुत्रं उचलणं कुणालाही जमणारं नाही. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल 1883 पासून आहे, म्हणजे हे काम आपल्याकडे कालपरवा सुरू झालेलं नाही. पण आज रेस्क्यू सुरू करायला काय लागतं? एक नाव, एक इन्स्टा पेज आणि एक क्यूआर कोड. क्यूआर कोड बऱ्याचदा स्वतःच्या सेव्हिंग अकाउंटचा. रक्तबंबाळ कुत्र्याचा फोटो टाकायचा, आज रात्री ऑपरेशन झालं नाही तर वाचणार नाही लिहायचं, पैसे येतात, येणारच, माणसं भली असतात. पुढे त्या कुत्र्याचं काय झालं, कुठल्या डॉक्टरनं ऑपरेशन केलं, बिल किती झालं, ह्याचा पत्ता नाही, आणि कुणी कमेंटमध्ये विचारलं तर तो ब्लॉक. ट्रस्ट रजिस्टर केला असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, पण धर्मादाय आयुक्त हिशेबाच्या वह्या बघतात, पिंजरे बघत नाहीत. नसबंदीचं काम करायचं असेल तर 2023 च्या एबीसी (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे प्राण्यांच्या संततिनियमनाच्या) नियमांप्रमाणे केंद्राच्या मंडळाची मान्यता लागते, पण नुसतं शेल्टर काढून प्राणी ठेवायचे असतील तर असं काही आधी घ्यावं लागत नाही, मंडळाची मान्यता घेतली तर अनुदानाला उपयोगी पडते एवढंच, न घेता शेल्टर चालवणारे पण भरपूर आहेत.

चोरटे लोक हा एक भाग झाला, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची तेवढी काळजी नाही, ते कधीतरी उघडे पडतात. मला काळजी वाटते ती चांगल्या लोकांची, ज्यांना नाही म्हणता येत नाही. एका बाईंकडे मी औषधं पोचवायला जायचे, दोन खोल्यांचं घर, सुरुवातीला सहा-सात मांजरं, सगळी गुबगुबीत, कार्डं नीट फाइलला लावलेली. मग लोकांना कळलं की ह्या घेतात. रात्री दाराशी खोका ठेवून जायचे लोक, सकाळी उघडलं तर चार पिल्लं. त्या घेत गेल्या. शेवटी शेवटी मोजदाद त्यांना स्वतःलाही सांगता यायची नाही, ओट्यावर मांजरं, माळ्यावर मांजरं, सगळ्यांचे डोळे चिकटलेले, नाकं वाहतायत, एकाला फ्लू झाला की सगळ्यांना, आणि बाई स्वतः डायबेटिक, स्वतःच्या गोळ्या घ्यायला पैसे नाहीत पण मांजरांचं खाणं चुकवायच्या नाहीत. ह्या बाईंना क्रूर म्हणायची कुणाची हिंमत आहे? पण त्या मांजरांचे हाल झाले ते झालेच.

कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये हेच पार्व्हो नावाच्या साथीच्या रोगानं होतं. पार्व्होचा व्हायरस जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणानं जात नाही, आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात. म्हणजे आज रेस्क्यू केलेलं पिल्लू खेळतंय, खातंय, छान दिसतंय म्हणून बाकीच्या पिल्लांत सोडलं तर पाच-सहा दिवसांनी सगळी रक्ताची हगवण लागून पडतात. नव्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळं ठेवायचं, त्याची भांडी वेगळी, त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या चपला वेगळ्या, एवढं साधं आहे, पण त्यासाठी एक रिकामी खोली लागते, आणि रेस्क्यूवाल्याकडे कुठलीही खोली रिकामी राहूच शकत नाही कारण लगेच त्यात कुणीतरी येतं.

म्हणून मी म्हणते की ह्या सगळ्यांना लायसन्स लावा, आणि त्या लायसन्सवर सगळ्यात आधी आकडा हवा. ह्या जागेत जास्तीत जास्त इतकी कुत्री, इतकी मांजरं, आणि तो आकडा बाहेर बोर्डावर मोठ्या अक्षरात. रेस्क्यूवाल्यांना हे जाचक वाटेल, पण नीट विचार केला तर ह्यात त्यांचीच सुटका आहे. आज ते नाही म्हणाले तर लोक सरळ तोंडावर म्हणतात, कसले तुम्ही प्राणीप्रेमी, आणि रात्री गेटला बांधून जातात, जो खरं तर त्याच कलम 11 खाली गुन्हा आहे. उद्या बोर्डाकडे बोट दाखवता येईल.

बाहेरच्या देशांचं उदाहरण दिलं की लोक चिडतात, तरी एकच देते. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिकडे 2018 पासून बोर्डिंग, डे-केअर, ब्रीडिंग, पेट शॉप ह्या सगळ्यांना स्थानिक कौन्सिलचं लायसन्स लागतं, अगदी स्वतःच्या घरात दुसऱ्याचं कुत्रं पैसे घेऊन ठेवलं तरी, आणि तपासणी करून एक ते पाच स्टार देतात, चांगलं चालवणाऱ्याला लायसन्स तीन वर्षांचं, बाकीच्यांना कमी. जाहिरातीत लायसन्स नंबर टाकावा लागतो. म्हणजे कुत्रं सोडायला जाण्याआधी माणसाला घरबसल्या कळतं. गंमत म्हणजे इंग्लंडनं पण त्यात रेस्क्यू घेतलेच नाहीत, ग्रूमिंगपण नाही, स्कॉटलंडनं मात्र 2021 च्या नियमांत रेस्क्यू आणि रीहोमिंगवाले, म्हणजे प्राण्यांना नवं घर शोधून देणारे, घेतले. तेव्हा सेवाभावी लोकांना हात लावायला तिकडेही सरकारं कचरतात असं दिसतं.

ह्या लायसन्सच्या कल्पनेवर आमच्याच प्राणीप्रेमींच्या ग्रुपवर जे ऐकलं ते पण सांगते. पहिलं म्हणजे लायसन्स आलं की पाकीट आलं. इन्स्पेक्टर येणार, चहा पिणार, पाकीट घेऊन जाणार, आणि ज्याच्याकडे पाकीट द्यायला पैसे आहेत त्या एसीवाल्याला लायसन्स मिळणार, गरीब रेस्क्यूवाल्याला नोटीस. ही भीती खोटी नाही. त्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की तपासणीचा रिपोर्ट फोटोंसकट सगळ्यांना बघता येईल असा ऑनलाइन टाकायचा, मग लॅमिनेट केलेलं रेटकार्ड आणि आतला फोटो लोक स्वतःच ताडून बघतील. दुसरं म्हणजे माणसं कुठायत. पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर आधीच गाई-म्हशींच्या लसीकरणात गळ्यापर्यंत बुडालेले, 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा काय धावपळ झाली ते गावाकडच्यांना विचारा, त्यांच्या डोक्यावर आणखी शहरातली कुत्री-मांजरं कुठे घालता. हे पटतं मला. म्हणूनच सरसकट सगळ्यांची दरवर्षी तपासणी असलं काही मी म्हणत नाही, ते होणारच नाही आणि मग नुसत्या सह्या होतील. धंदा म्हणून चालवणाऱ्यांकडून फी घ्या, त्या फीमधून खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांचं पॅनल करा, आणि न कळवता अचानक जा, वर्षात थोड्याच ठिकाणी गेलात तरी चालेल पण कुठे जाणार ते आधी कळता कामा नये.

आणि हो, ज्या काकू रोज सोसायटीच्या कुत्र्यांना दूधभात घालतात किंवा जे कॉलेजचं पोरगं एखादं पिल्लू दत्तक जाईपर्यंत खोलीवर सांभाळतं त्यांना ह्यात ओढू नका. 2023 च्या त्याच एबीसी नियमांत वस्तीतल्या प्राण्यांना खायला घालायच्या जागा ठरवायची जबाबदारी सोसायटीवर आहे, त्यावरूनच आधी एवढी भांडणं होतात, त्यात आता लायसन्स कुठाय तुमचं असं विचारायला सोसायटीच्या सेक्रेटरीला आणखी एक काठी मिळायला नको. पाच-सहा प्राण्यांपर्यंत पैसे न घेता ठेवणाऱ्याची फुकट साधी नोंद, त्याच्या वर लायसन्स, असं काहीतरी. आकडा काय असावा ते डॉक्टरांनी ठरवावं.

ग्रूमिंगचं दोन ओळींत संपवते. गरम हवेचा ड्रायर लावून पिंजऱ्यात कुत्रं बंद करून माणूस दुसऱ्या कुत्र्याला अंघोळ घालायला गेला आणि ते कुत्रं पग किंवा बुलडॉगसारखं चपट्या नाकाचं असेल तर ते उष्माघातानं मरू शकतं, त्यांना धापा टाकून अंग थंड करायला जमत नाही. एवढं शिकवायला एक दिवसाचा कोर्स पुरतो. तो सक्तीचा करा.

तोपर्यंत वाचकांनी काय करायचं, तर जिथे ठेवणार तिथे न सांगता जाऊन बघा, लसीचं कार्ड मागत नसतील तर तिथूनच परत फिरा, कारण तुमचं मागितलं नाही म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्याचंही मागितलेलं नाही, रात्री तिथे कोण असतं ते विचारा, कुठल्या डॉक्टरकडे नेता ते विचारून त्या डॉक्टरला फोन करून खात्री करा, आणि जीपे केलं तरी बिल घ्याच, उद्या ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर बिल हाताशी असलेलं बरं. देणगी देताना ट्रस्टच्या खात्यावर द्या, कुणाच्या पर्सनल नंबरवर नको, आणि शक्य असेल तर सरळ डॉक्टरचं बिल भरा.

आणि तुमच्याकडे एक विनंती. तुमचे वार्ताहर महापालिकेत, झेडपीत, पशुसंवर्धनच्या ऑफिसात रोज जातात. त्यांनी एक साधा प्रश्न लेखी विचारावा, की आपल्या जिल्ह्यात 2017 आणि 2018 च्या नियमांखाली नोंदणी झालेले ब्रीडर किती आणि पेट शॉप किती, त्यांची नावं द्या, आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीची शेवटची बैठक कधी झाली ते सांगा. यादी मिळाली तर जशीच्या तशी छापा, एका कॉलमात मावेल. आणि नवीन शेल्टरसाठी जी टेंडरं निघतायत त्यात किती कुत्र्यांमागे किती जागा, किती डॉक्टर आणि वेगळं ठेवायची खोली आहे का हे लिहिलंय का तेही बघायला सांगा, कारण एकदा टेंडर सुटलं की मग कुणी बघत नाही.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे